साफ फोटो

नाना,

तुमची ती लेन्स मी या उन्हाळ्यात पुन्हा वापरली. आपण तिला ‘नवी’ म्हणायचो. आज माझ्या कपाटात तिच्याहून जुनं काही नाही, तरी घरात तिचं नाव तेच राहिलं आहे. मध्ये एक कडी बसवली की ती आताच्या कॅमेऱ्यावर चढते. फोकस मात्र हातानेच करावा लागतो, तुम्ही करायचात तसा. तुम्ही गेलात तेव्हा गावात फिल्मच चालत होती. त्यामुळे काही गोष्टी तुम्हाला समजावून सांगाव्या लागतील. काही तुम्हाला ठाऊक असलेल्याही सांगणार आहे, कारण माझ्या बाजूने त्या कशा दिसत होत्या हे तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. आपल्या घरात बोलणं कमी नव्हतं, पण ते बहुतेक आई करायची.

वडीगोद्रीचा आपला स्टुडिओ टायरवाला आणि मोसंबीची आडत यांच्या मध्ये होता. समोरून ट्रक गेला की जमीन थरथरायची आणि तिपाईवरचा कॅमेराही. म्हणून तुम्ही गिऱ्हाइकाला बसवायचात, त्याचे खांदे सरळ करायचात आणि मग म्हणायचात, “थांबा, ट्रक जाऊ द्या.” माणसं श्वास धरून बसायची. खेड्यातून आलेल्यांना वाटायचं, फोटो काढण्यातला हाही एक भाग आहे. त्या वर्षांतले आपल्याकडचे फोटो आज कुणाच्या घरी पाहिले तर सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव दिसतो, काहीतरी निघून जाण्याची वाट पाहत असल्याचा. मी कॉलेजात साहित्य शिकवते, अशा वाक्यांचा मला मोह होतो. पण हे वाक्य खरं आहे. ते ट्रकमुळे घडलेलं आहे.

आधीची लेन्स तुम्ही कुणाची तरी वापरलेली घेतली होती. तिच्या आत बुरशी धरली होती. उजेडासमोर धरली की आत जाळ्यासारखे धागे दिसायचे. त्या जाळ्यामुळे उजेड पसरायचा. काळे केस कडेला करडे व्हायचे, गालावरचे खड्डे भरून निघायचे आणि चेहऱ्याभोवती पांढुरकं काहीतरी राहायचं. लोक त्यावर खूश होते. “तेज आलंय बघा तोंडावर,” असं एकमेकींना म्हणत बाया फोटो पदराआड घालून न्यायच्या. तुम्ही मान डोलवायचात आणि त्या गेल्यावर मला आणि धाकट्या भावाला सांगायचात, “बुरशी हाय ती.”

नवी लेन्स औरंगाबादहून आली त्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक घेतलंच नाही. भिंतीला वर्तमानपत्राचं पूर्ण पान चिकटवलंत, समोर तिपाई लावलीत आणि ट्रक जाऊ देत देत त्या पानाचे फोटो काढलेत. फिल्म धुऊन, मोठी प्रत काढून ती माझ्यापुढे ठेवलीत. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. “वाच,” म्हणालात. मी मधली ठळक बातमी वाचायला लागले. “मधलं कोनीबी वाचंल. कोपरा वाच.” कोपऱ्यात विहिरीवरच्या मोटारीची जाहिरात होती, मुंगीएवढी अक्षरं. मी ती अडखळत वाचली. तुम्ही इतके खूश झालात की मला वाटलं, मीच काहीतरी केलं. पुढे घरी कुणीही आलं की तुम्ही ती प्रत दाखवायचात. पाहुणे चहा पीत ती उलटसुलट करून बघायचे. मामा एकदा म्हणाला, “दाजी, ह्यापरीस पेपरच घ्यायचा की वाचायला.” सगळे हसले, तुम्ही सोडून. लेन्सच्या त्या गुणाला तुम्ही ‘धार’ म्हणायचात. आजोबा मेंढरांमागे हिंडायचे. लोकर कातरायच्या कात्रीची धार ते अंगठ्यावर बघायचे. तुम्ही मेंढरं सोडून कॅमेरा घेतलात, शब्द त्यांचाच ठेवलात.

मग एकदा एक बाई आली. स्टुडिओत मी बाकावर बसून गृहपाठ करत होते. तिने पाकिटातून आपल्या मुलीचे फोटो काढून तुमच्यापुढे टाकले.

“ओ फोटोवाले, हे काय करून ठिवलं?”

“काय झालं, माय?”

“मी साफ म्हनले होते. साफ.”

“साफच हाय की. पापन्या मोजून घ्या.”

“पापन्या मोजून काय करू? पुटकुळ्या मोजून राह्यले लोक पोरीच्या. साफ म्हनल्यावर कळत न्हाई का तुम्हाला? तोंड साफ पाह्यजे, तोंड!”

आपल्याकडे साफ हा एकच शब्द दोन्ही कामं करतो. फोटो साफ म्हणजे स्पष्ट, आणि चेहरा साफ म्हणजे ज्यावर काही नाही असा. गिऱ्हाईक एक साफ मागत होतं, तुम्ही दुसरा देत होतात, आणि दोघांनाही वाटत होतं की बोलणं बरोबर झालं आहे. जुन्या लेन्सवर हा घोटाळा कधी उघडा पडला नव्हता, कारण ती डागही स्पष्ट दाखवत नव्हती. त्यानंतर तुम्ही विचारायला लागलात, “साफ म्हंजे कसं? डाग दिसू द्यायचा का न्हाई?” ते तर आणखी वाईट झालं. “कोन्ता डाग? आमच्या पोरीला डाग हाय म्हनता का?” म्हणत एक माणूस खुर्ची सारून उभाच राहिला.

शेवटी आईने ते मिटवलं. “इचारता कशाला?” ती म्हणाली. “दाखवायचा फोटो आसला का जुनी काच लावायची. सरकारी कामाचा आसला का नवी. तोंडातून सबुद काढायचा न्हाई.” दाखवायचा फोटो म्हणजे मुलीला बघायला येण्याआधी स्थळाकडे जाणारा, पोस्टकार्डाएवढा. सरकारी कामाचा बोटाच्या पेराएवढा, आणि त्या आकारात बुरशीची लेन्स काय आणि तुमची नवी काय, कुणालाही फरक सांगता आला नसता. म्हणजे जिथे धार दिसली असती तिथे ती लावायची नाही असं ठरलं, आणि जिथे ती लावायची तिथे ती दिसत नव्हती. तुम्हाला हे कळत होतंच. तुम्ही तिला रोज सकाळी पुसायचात, झाकण लावायचात आणि जुनी चढवायचात.

आता माझ्या डागाविषयी. थंडीत फिल्म धुवायचा डेव्हलपर गार पडून काम करेनासा व्हायचा, म्हणून तुम्ही मागच्या खोलीत स्टोव्हवर पाणी तापवून ठेवायचात. मी नुकती चालायला लागले होते, एवढं आईने सांगितलं आहे. तुम्ही पुढे कुणाचा तरी फोटो काढत होतात. मी पातेलं ओढलं. मला त्यातलं काही आठवत नाही. हनुवटीच्या डाव्या बाजूपासून मानेपर्यंत कातडी चुरगळलेली आहे, धुऊन तशीच घडी घातलेल्या कापडासारखी. त्याबद्दल तुम्ही कधी काही बोलला नाहीत. आई बोलायची, पण दुसऱ्याच कशावरून तरी भांडण सुरू झाल्यावर.

मी बी.ए.ला असताना माझा दाखवायचा फोटो काढायचं ठरलं. आईने तिची जांभळी साडी नेसवली, पदर डाव्या खांद्यावरून असा वर ओढला की मान झाकली जावी. स्टुडिओत गेल्यावर तुम्ही तो पदर खाली केलात. व्यवस्थित, शिंप्यासारखा, माझ्याकडे न बघता. कॅमेऱ्यावर नवी लेन्स होती. तुम्ही ती काढली नाहीत. ट्रक जाऊ दिलात आणि दाबलंत.

फोटो तयार होऊन घरी आला तेव्हा आई भाकरी करत होती. तिने तो पिठाच्याच हाताने धरला.

“अवो, काच बदलायची इसरले का?”

“न्हाई.”

“मंग हे काय?”

“साफ आलाय.”

“कोन्ता साफ? गावच्या पोरी सगळ्या उजळून धाडल्या, अन् घरच्या पोरीच्या मुळावर उठले का तुम्ही?”

तव्यावरची भाकरी करपायला लागली, आईचं लक्ष फोटोतच. मग तुम्ही म्हणालात, “ज्याला न्हाई म्हनायचं त्यानं कागदाला म्हनावं. घरात येऊन, पोहे खाऊन, तिच्या तोंडाकडं बघून कोनी न्हाई म्हनायचं न्हाई.”

मी उंबऱ्याशी उभी होते. त्या सगळ्या बोलण्यातला मला ‘न्हाई’ तेवढा ऐकू आला. नकार येणार हे बापाने धरूनच ठेवलं आहे, असा मी अर्थ लावला. रागावले, आणि तो राग अभ्यासावर काढला. त्याचा फायदाच झाला.

फोटो जात राहिला. काही पाकिटं परत आली, काही आलीच नाहीत. माझ्या मैत्रिणी तेव्हा पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे घेऊन उभ्या राहत होत्या, आणि पाहुणे गेल्यावर काय निरोप येतो याची वाट बघत होत्या. मी कुणापुढे उभी राहिले नाही. हे माझ्या फार पुढे लक्षात आलं. तीर्थपुरीचं, म्हणजे माझ्या सासरचं, एकच स्थळ घरापर्यंत आलं, आणि त्यांनी लग्नाचंच बोलणं काढलं. कितीतरी वर्षांनी मी ह्यांना विचारलं की तो फोटो बघून काय वाटलं होतं. “कोन्ता फोटो?” हे म्हणाले. “माझ्यापस्तोर कुठं आल्ता फोटो? आई म्हनली चल, मी आल्तो.” सासूबाई तोवर गेल्या होत्या. म्हणजे तुमच्या लेन्सने जे काही केलं ते एका बाईच्या नजरेपुरतं केलं, आणि तिने त्यात काय पाहिलं हे आता मला कळणार नाही.

मी फोटो काढायला लागले ते तुम्ही गेल्यावर. पोटासाठी नाही, सुट्टीच्या दिवशी, आपल्याच भागात, माणसांचे. माझे काही जुने विद्यार्थी लग्नाचे फोटो काढतात. अधूनमधून जालन्याला घरी येतात, नवी लेन्स दाखवतात, पडद्यावर फोटो मोठा करत करत एका पापणीपर्यंत नेतात. “मॅडम, बिलकुल शार्प हाय ही. बघा ना.” धारेला आता शार्प म्हणतात. मी बघते. पापणी खरोखर दिसते. त्या पापणीमागची नवरी कंटाळलेली असते, तेही दिसतं. ते मला विचारतात की लेन्स किती शार्प असली म्हणजे पुरे. माझं उत्तर त्यांना आवडत नाही. लेन्सच्या धारेने आजवर एकही वाईट फोटो चांगला झालेला मी पाहिला नाही, आणि धार नसल्यामुळे वाया गेलेले चांगले फोटोही थोडेच पाहिले. कुठे उभं राहिलात, उजेड कोणत्या अंगाने आला, हात हलला का, हे आधी. शिवाय लेन्सचं तोंड, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडं ठेवलं की एकाच अंतरावरचं साफ येतं. त्याच्या पुढचं आणि मागचं विरघळतं. लेन्स किती साफ आहे हे विकणारा सांगतो. साफ काय पाडायचं हे काढणाऱ्यानेच ठरवायचं असतं. हे मी त्यांना वर्गात बोलावं तसं बोलत असे. या उन्हाळ्यापर्यंत.

धाकट्याची मुलगी तुम्ही पाहिली नाहीत, ती तुमच्यानंतरची. शहरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर पांढरा डाग आला. कोड. तो हळूहळू हनुवटीकडे उतरला. औषधं झाली, पथ्यं झाली. मे महिन्यात धाकट्याचा फोन आला.

“ताई, पोरीचा बायोडाटा करून राह्यलो. फोटो तू काढ. नानाची काच हाय ना तुझ्याकडं? साफ येऊ दे बरं.”

“साफ म्हणजे कसा?” मी विचारलं.

तो म्हणाला, “तू मोठी हायेस. तुला मी काय सांगू?”

ती रविवारी सकाळी आली. चहा झाला. मी खिडकीपाशी खुर्ची ठेवली तर म्हणाली, “आत्या, आधी हे बघ,” आणि फोन पुढे केला. नाना, आता फोनमध्येच कॅमेरा असतो, आणि तो काढतानाच चेहरा धुऊन काढतो. जे काम तुमची बुरशी करायची ते आता आत कुठेतरी आकडेमोड होऊन होतं. कुणाला सांगावं लागत नाही. तिच्या फोनमध्ये तिचे शेकड्याने फोटो होते. लॅबमध्ये, बसमध्ये, मैत्रिणींबरोबर. एकातही डाग नव्हता.

“मी सांगितलं न्हाई त्याला,” ती म्हणाली. “त्यानं आपल्या मनानंच काढून टाकला. म्हंजे त्याला आधी दिसला असंल ना?”

“असेल.”

“आरशात एक मी, ह्याच्यात एक मी. तू काढ. मला बघायचंय.”

मी तुमची लेन्स चढवली, लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं, पोरीच्या डोळ्यांवर फोकस केला. “मान जरा खाली घे,” म्हटलं. तिने घेतली. मी दाबलं. फोटो फार सुंदर आला. पापण्या मोजता येत होत्या. नाकापासून खाली सगळं हळूहळू विरघळत गेलं होतं, आणि ओठाशी थोडा जास्त उजेड पडल्यासारखं दिसत होतं, इतकंच. त्यात खोटं काही नव्हतं. लेन्सने तिचं काम केलं होतं, मी माझं.

तिने तो पडद्यावर मोठा केला. “डोळे भारी आलेत,” म्हणाली. मग खाली सरकवला, पुन्हा वर नेला. “मान खाली कशाला घालायला लावली, आत्या?”

“तसं बरं दिसतं.”

“कोनाला?”

मी लेन्स पुसायला घेतली.

“तू बी पप्पावानीच हायेस,” ती हसून म्हणाली. “ते साफ साफ करत्यात. तू गुपचूप मान वाकवतीस. काढ दुसरा. हाय तसा.”

आयुष्यभर वापरलेला वाक्प्रचार मी तिला कवायतीसारखा करायला लावला होता, आणि शब्दांचं काम करणाऱ्या मला तो ऐकू आला नव्हता. मी लेन्सचं तोंड बारीक केलं, म्हणजे पुढचं-मागचं सगळं साफ यावं. तिने मान वर केली. खालून एक बस गेली. मी ती जाऊ दिली.

दुसरा फोटो तिने खूप वेळ पाहिला. डागाची कड स्पष्ट होती, पाणी ओसरल्यावर तळ्याच्या काठाला उरते तशी. मी स्वयंपाकघरात गेले, कप विसळले, परत आले, ती बघतच होती.

“असा हाय होय,” ती म्हणाली. “मला वाटलं त्याच्याहून लहान हाय.”

मग म्हणाली, “हाच धाड पप्पाला. पहिला काढून टाक.”

ती गेल्यावर मी माझा तो जांभळ्या साडीतला फोटो शोधून काढला. मी तो कधी फोटो म्हणून पाहिलाच नव्हता. तक्रार म्हणून पाहिला होता. आता भिंग लावून बघितला. नाना, माझे डोळे त्यात साफ नाहीत. किंचित हललेत म्हणावं तर पदराची किनार स्थिर आहे. फोकस डोळ्यांवर नाहीच. तो हनुवटीच्या खाली आहे, बरोबर डागावर. चुरगळलेल्या कातडीची रेघ न् रेघ मोजता येते. तुम्ही आयुष्यभर सगळ्यांचा फोकस डोळ्यांवर केलात. मलाही तेच शिकवलंत. मग त्या दिवशी काय झालं? तुम्हाला चष्मा त्याच सुमाराला लागला, हे खरं आहे. कागदाला न्हाई म्हणू द्यायचं, हे तुम्ही आधीच ठरवून आला होतात, हेही खरं असू शकतं. पण मला लहानपणापासून एक माहीत होतं. तुम्ही माझ्याकडे बघायचात तेव्हा तुमची नजर आधी तिथे जायची, मग डोळ्यांकडे यायची. इतक्या थोड्या वेळात की दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. कदाचित तुम्ही कॅमेऱ्यामागे जाऊन नेहमीसारखं माझ्याकडे बघितलंत, आणि लेन्सने फक्त ते टिपून ठेवलं. मी त्या फोटोला इतकी वर्षं तुमचा निर्णय समजत आले. तो निर्णय होता की सवय, हे मला विचारायचं होतं. विचारण्यासारखं आणखी काही उरलेलं नाही.

धाकट्याने तो दुसरा फोटो बघितला, त्याच्या बायकोला दाखवला. “ताईला सांगितल्तं मी,” असं तो म्हणाल्याचं कळलं. पण मुलगी हटली नाही, आणि बायोडाट्यावर तोच लागला. मग तुमच्या वेळी झालं तसंच झालं, फक्त लवकर. तुमच्या काळात काही पाकिटं तरी परत यायची. आता समोरच्याने फोटो पाहिला की दोन निळ्या खुणा येतात, आणि त्यापुढे काही येत नाही. असं बऱ्याचदा झालं. धाकटा प्रत्येक वेळी मला फोन करायचा आणि दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायचा.

मागच्या रविवारी पिंपळगाव रेणुकाईचे लोक आले. फोटो बघून आले. मला मुद्दाम बोलावलं होतं. मुलगा, त्याची आई, एक चुलता. मुलगा बँकेत आहे, सावकाश बोलणारा, बसण्याआधी त्याने आईची खुर्ची पंख्याकडे सरकवली. आपली मुलगी पोहे घेऊन आली. मुलाच्या आईने तिच्याकडे नीट, दोन्ही डोळ्यांनी बघितलं. आणि म्हणाली, “फोटोतल्यावानीच हाय की.” मग पोहे खायला लागली. धाकट्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू खटला जिंकला. जाताना चुलता दारात म्हणाला, “आमच्याकडून पसंत हाय. तुम्ही ठरवून सांगा.”

गाडी वळली तशी धाकटा स्वयंपाकघरात आला. मुलगी बशा विसळत होती.

“माझं न्हाई,” ती पाठमोरीच म्हणाली.

“काय न्हाई?”

“पसंत न्हाई.”

“का? काय वाईट हाय पोरात?”

“वाईट काय न्हाई. फोटोत केस होते.”

हे खरं होतं. आलेल्या फोटोत मुलाचं कपाळ भरलेलं होतं. समोर बसलेल्या मुलाला पुढून बरंच टक्कल होतं.

“टकलापाई न्हाई म्हनतीस?” धाकट्याचा आवाज चढला. “तुला सोताला—” आणि तो थांबला.

नळ चालू होता. तिने तो बंद केला.

“म्हना ना, पप्पा. मला सोताला डाग हाय. मी दाखवला. त्यानं दाखवलं न्हाई.”

“फोननं केलं असंल ते. त्याला बिचाऱ्याला ठावबी नसंल.”

“मंग फोनला इचारा, करतो का माझ्यासंगं लगन.”

तिच्या आईने तोंडात पदर धरला आणि मागच्या दाराने बाहेर गेली. हसत होती की दुसरं काही, मला दिसलं नाही.

मला सोडायला धाकटा स्टँडपर्यंत आला. वाटेत म्हणाला, “ताई, तू समजव तिला. तुझं ऐकती. असं मानूस परत दारात येनार न्हाई. डाग बघून आले, नाना, डाग बघून!” नाना असं तो मलाच म्हणाला, गडबडला की अजून होतं त्याचं तसं. त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं मला वाटत नाही. मुलगा चांगला असेल. फोनने न विचारता केलेल्या गोष्टीची शिक्षा त्याला होते आहे, असंही असेल. तिने विचारलं असतं तर मी म्हणाले असते की टक्कल आणि लपवणं यांत फरक कर, आणि लपवणं कुणाचं हेही आधी बघ. पण तिने विचारलेलं नाही. आणि बशा विसळत तिने “माझं न्हाई” म्हटलं तेव्हाची तिची ताठ मान माझ्यासमोर आहे.

धाकट्याला मी हो म्हटलं आहे. शनिवारी येते आणि बोलते तिच्याशी, असंही सांगितलं आहे. त्यामुळे त्याला झोप लागत असेल. मी शनिवारी जाईन. चहा घेईन, इकडचं तिकडचं बोलेन आणि परत येईन. समजावणार मात्र नाही. हे त्याला सांगता येत नाही, आणि तुम्हाला सांगून कुणाला कळणार नाही.